लाठीमारानंतरचे कागद : नाशिकमध्ये पोलिसांविरुद्ध तक्रार करताना

लाठीचा वळ आठ-दहा दिवसांत पिवळा पडून जातो. त्यानंतर तुमच्या बाजूने बोलायला उरतात ते नंबर: सिव्हिल हॉस्पिटलमधला एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे मारहाणीच्या जखमेची डॉक्टरांनी केलेली कायदेशीर नोंद) नंबर, स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक, आयुक्तालयातला आवक क्रमांक. खरी तक्रारही मोडते ती बहुधा या नंबरांवाचून. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर एकच बघायचे, हातात नंबर आला की नाही.

कलमांबद्दल आधी दोन शब्द. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (इथे ‘सुरक्षा संहिता’) आणि भारतीय न्याय संहिता (‘न्याय संहिता’) लागू आहेत. ठाण्यात मात्र अजून १४४, १४९, ३५३ हेच आकडे तोंडी आहेत, त्यामुळे गरज पडेल तिथे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले आणि दंड संहितेतले आकडेही दिले आहेत.

हद्द कोणाची?

नाशिकमध्ये दोन वेगळी पोलीस दले आहेत आणि नवखा माणूस पहिली चूक इथेच करतो. कलेक्टर ऑफिस, सीबीएस, शालिमार, राजीव गांधी भवन, आदिवासी विकास भवन, नाशिकरोड, सातपूर, अंबड, देवळाली कॅम्प हा भाग शहर पोलीस आयुक्तांकडे येतो. त्यांचे कार्यालय गंगापूर रोडला आहे. लासलगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत, सिन्नर, मालेगाव हे सगळे नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे आडगावला. कांद्याच्या भावासाठी चांदवडला हायवे अडवला आणि तिथे मार बसला, तर गंगापूर रोडला अर्ज देऊन उपयोग नाही.

गडकरी चौकातले विशेष पोलीस महानिरीक्षक, नाशिक परिक्षेत्र, हे ग्रामीणच्या अधीक्षकांचे वरिष्ठ. शहर आयुक्तालय त्यांच्या हाताखाली नाही. शहरातली तक्रार तिथे टाकली तर ती ‘पुढील कार्यवाहीसाठी’ परत गंगापूर रोडला येते आणि मधे महिना जातो. शहराच्या बाबतीत आयुक्तांच्या वर थेट मुंबईतले पोलीस महासंचालक.

मोर्चाच्या आदल्या दिवशी

परवानगीचा अर्ज दिला असेल तर पोच घेतलेली प्रत दोन-तीन लोकांच्या फोनमध्ये असू द्या. परवानगी नाकारली असेल तर नकाराचे पत्रही जपा. त्यातली कारणे पुढे कामाला येतात.

आयोजकांना आदल्या संध्याकाळी बहुधा एक नोटीस मिळते. जुनी मंडळी तिला ‘१४९ची नोटीस’ म्हणतात. आता ती सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली निघते. ती दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) गुन्हा रोखण्यासाठी दिलेली ताकीद असते, मोर्चाबंदीचा आदेश नव्हे. बंदी असते ती महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालच्या मनाई आदेशात किंवा सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुने १४४). ३७(३) चा आदेश एका वेळी १५ दिवसांचा असतो आणि संपला की पुन्हा काढला जातो. त्या दिवशी तो खरोखर लागू होता का, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या हद्दीत, हे आदेशाची प्रत पाहूनच ठरवा. ‘जमावबंदी आहे’ एवढ्या तोंडी वाक्यावर विसंबू नका.

दोन माणसे फक्त नोंदीसाठी ठेवा. त्यांनी घोषणा द्यायच्या नाहीत, झेंडा धरायचा नाही, पोलिसांशी वाद घालायचा नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, जवळ वही, घड्याळ आणि पूर्ण चार्ज केलेला फोन. त्यांनी टिपायच्या गोष्टी अशा:

- भोंग्यावरून पांगण्याचा इशारा दिला का, किती वाजता, कोणी दिला, किती वेळा, आणि मागच्या लोकांना तो ऐकू जात होता का.
- इशाऱ्यानंतर किती मिनिटांनी लाठीमार सुरू झाला, आणि लोकांना बाहेर पडायला रस्ता मोकळा होता का.
- अधिकाऱ्याच्या खांद्यावरची चिन्हे. दोन तारे म्हणजे उपनिरीक्षक. तीन तारे आणि लाल-निळी फीत म्हणजे निरीक्षक. फितीशिवाय तीन तारे म्हणजे सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक.
- छातीवरची नावाची पट्टी, शिपायाचा बक्कल नंबर (बिल्ल्यावरचा क्रमांक), गाडीचा नंबर. हेल्मेट आणि जॅकेटमुळे नाव दिसत नाही, तेव्हा गाडीचा नंबर हाच धागा. राज्य राखीव दलाची तुकडी असेल तर गाडीवरचा गट क्रमांकही टिपा.

बाकीच्यांनी एवढेच करावे: वकिलाचा आणि घरच्या एकाचा नंबर पेनाने हातावर लिहावा. फोन जप्त झाला की पाठ नसलेला नंबर गेलाच.

बळ कधी कायदेशीर असते

सुरक्षा संहितेचे कलम १४८ (जुने १२९) सांगते की बेकायदा जमावाला, किंवा शांतता बिघडवण्याची शक्यता असलेल्या पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाला, पांगण्याचा हुकूम देता येतो. हुकूम देणारा कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी असावा लागतो. प्रभारी हजर नसेल तर किमान उपनिरीक्षक. हुकूम मोडला, किंवा जमाव पांगणार नाही असे त्याच्या वागण्यातून दिसले, तरच बळ वापरता येते. हे बळ पांगवण्यासाठी आहे. धडा शिकवण्यासाठी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अनिता ठाकूर प्रकरणात हेच धरले: आंदोलक स्वतः हिंसक झाले होते असे मानले तरी, ताब्यात आल्यानंतर किंवा परिस्थिती आटोक्यात आल्यानंतरही चालू राहिलेला मार अतिरेकी ठरतो, आणि त्याची भरपाई द्यावी लागते. त्याआधी २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात रात्री झोपलेल्या जमावावरच्या कारवाईबद्दलही न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला होता.

म्हणूनच ‘मोर्चाला परवानगी होती की नव्हती’ या वादात सगळी शक्ती घालवू नका. परवानगी नसली तरी चार प्रश्न शिल्लक राहतात आणि तक्रार त्यांच्यावर उभी राहते. इशारा मिळाला का? पांगायला वेळ आणि वाट मिळाली का? पळणाऱ्याला, बसलेल्याला, गाडीत कोंबलेल्याला मारले का? डोक्यावर, मानेवर, तोंडावर मारले का? पाठ दाखवून पळणाऱ्याच्या डोक्यामागे टाके पडले असतील, तर त्या एका जखमेपुढे दहा पानी निवेदन फिके पडते.

मार लागला : पहिले सहा तास

त्र्यंबक नाक्याजवळचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे सिव्हिल, सर्वात सोयीचे. मालेगावकडच्यांनी तिथले सामान्य रुग्णालय गाठावे. उपचारासाठी पोलिसांचे पत्र लागत नाही. ‘आधी ठाण्यातून यादी (म्हणजे हेच पत्र) घेऊन या’ असे कोणी म्हटले तर शांतपणे सांगा की ही मारहाणीची केस आहे, एमएलसी करा. खासगी दवाखान्यालाही एमएलसी करता येते, मात्र पुढे न्यायालयात सरकारी डॉक्टरचा कागद सोपा जातो.

केसपेपरवरची ‘हिस्टरी’ची ओळ या सगळ्या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची ओळ आहे. घाईत किंवा दडपणाखाली तिथे ‘पडून जखम’ असे लिहिले गेले, तर पुढची दोन वर्षे तीच ओळ तुमच्या तोंडावर फेकली जाईल. डॉक्टरांना सांगा: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी, पोलिसांनी लाठीने मारले. माणूस ओळखता येत नसेल तर नाव घेऊ नका. ‘गणवेशातील पोलीस’ पुरे. मग कागद वाचून बघा.

प्रत्येक जखम अंगावरची जागा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग आणि आकार यांसह लिहिली जावी. लाठीचा वळ ओळखू येतो: रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर लाल रेघा आणि मधे फिकट पट्टा. डॉक्टरांनी हा आकार नोंदवला, तर ‘धावताना पडला’ हा बचाव टिकत नाही. हाड दुखत असेल तर एक्स-रे मागा. न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड किंवा दात मोडणे, निखळणे ही ‘गंभीर दुखापत’. तसेच १५ दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीची कामे करता न येणे हेही त्यातच. केसच्या वजनात इथे मोठा फरक पडतो. डोक्याला मार, उलटी, गुंगी असेल तर घरी जाऊ नका.

जखमांचे फोटो तीन प्रकारे काढा. एक चेहऱ्यासह, एक जागा कळेल असा, एक जवळून, शेजारी मोजपट्टी किंवा दहा रुपयांचे नाणे ठेवून. वळाचा रंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गडद होतो, तेव्हा तेच फोटो पुन्हा काढा. रक्ताचा शर्ट धुऊ नका. सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये कुजतो.

अश्रुधुराबद्दल थोडक्यात: डोळे चोळू नका, वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, लेन्स ताबडतोब काढा.

व्हिडिओ

ज्या फोनवर शूट झाला त्या फोनमधली मूळ फाइल हा पुरावा. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि मूळ माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाइल कापू नका, गाणे लावू नका, नाव बदलू नका. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर ठेवा. न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा, लिहितात. फाइलमध्ये एका सेकंदाचाही बदल केला तर ही व्हॅल्यू बदलते.

पोलीस ठाण्यात रेकॉर्डिंग केले म्हणून गोपनीयता कायदा लावण्याची धमकी मिळते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की पोलीस ठाणे हे त्या कायद्यातले ‘निषिद्ध ठिकाण’ नाही.

आसपासच्या दुकानांचे कॅमेरे विसरू नका. बऱ्याच दुकानांतले रेकॉर्डिंग दोन-चार आठवड्यांत स्वतःच पुसले जाते. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराला भेटा, आणि पोलीस आयुक्तांना ‘अमुक चौकातले, अमुक ते अमुक वेळेचे फुटेज जतन करावे’ असे चार ओळींचे वेगळे पत्र द्या. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा परमवीर सिंग सैनी निकाल आहे: कोठडी, व्हरांडा, आत-बाहेरचे दरवाजे सगळीकडे कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष, जपायला हवे. पत्रात या निकालाचा तारखेसह उल्लेख करा.

ताब्यात घेतले तर

पहिला प्रश्न: अटक आहे की स्थानबद्धता? मोर्चातून उचललेल्यांना बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८-६९ खाली किंवा सुरक्षा संहितेच्या कलम १७२ खाली बसवून ठेवतात आणि संध्याकाळी सोडतात. यात अटक पंचनामा नसतो, म्हणून ‘आम्ही कोणाला धरलेच नव्हते’ म्हणायला वाव राहतो. सोडताना कागदावर सही घेतली तर त्याचा फोटो घ्या, आणि बाहेर पडताच ‘अमुक ते अमुक वेळ ठाण्यात ठेवले’ असा अर्ज देऊन पोच मिळवा.

अटक असेल तर कागद वाढतात. अटकपत्रावर वेळ आणि तारीख हवी, घरच्या किंवा परिसरातल्या साक्षीदाराची सही हवी (सुरक्षा संहिता, कलम ३६). नातेवाइकाला कळवायला हवे (४८). कारणे लेखी आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ ला मिहीर राजेश शाह प्रकरणात हे सर्वच गुन्ह्यांसाठी बंधनकारक केले. तातडीत लेखी देता आले नाही, तर दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी महिलेला अटक करायची असेल तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही.

अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी होते (कलम ५३) आणि अहवालाची प्रत मागता येते. शिपाई शेजारी उभा असला तरी डॉक्टरांना जखमा दाखवा. ‘तक्रार नाही’ या छापील ओळीखाली सही करू नका.

२४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाते. तिथे विचारतात: पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? हा प्रश्न दहा सेकंदांत संपतो आणि घाबरलेला माणूस मान हलवून ‘नाही’ म्हणतो. मार बसला असेल तर ‘हो’ म्हणा, शर्ट वर करून वळ दाखवा, आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) नोंद घ्यायची विनंती करा. वकील नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००. कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तक्रार अर्ज

एका पानात बसवा. तारीख, वेळ, ठिकाण, काय झाले, कोणी केले (नाव, बक्कल नंबर किंवा वर्णन), साक्षीदार, एमएलसी नंबर, मागणी. ‘अमानुष’, ‘दडपशाही’, ‘हुकूमशाही’ हे शब्द पत्रकार परिषदेसाठी ठेवा. दहा जणांना मार बसला असेल तर दहा अर्ज करा. सामुदायिक निवेदनात कोणाची जखम कोणती हेच हरवते आणि ते ‘राजकीय निवेदन’ म्हणून फाइलला लागते.

अर्ज ठाणे अंमलदाराला द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक घ्या. त्या ठाण्याच्याच लोकांविरुद्ध तक्रार असेल तर दुसऱ्या ठाण्यात झिरो गुन्हा (हद्द न बघता नोंदवायचा गुन्हा) नोंदवायला सांगता येते. घेतलाच नाही, तर सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे आयुक्त किंवा अधीक्षकांना स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोचल्याचा ट्रॅकिंग कागद छापून ठेवा. अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, देऊन बोळवण करण्याचा प्रयत्न होतो; हाड मोडले असताना एनसी स्वीकारू नका.

तरीही हालचाल नाही, तर वकिलामार्फत दंडाधिकाऱ्याकडे कलम १७५(३) खाली (जुने १५६(३)) शपथपत्रासह अर्ज. इथे नव्या कायद्यातली एक अडचण आहे. कृत्य कर्तव्य बजावताना झाले असेल, तर १७५(४) प्रमाणे तपासाचा आदेश देण्याआधी दंडाधिकारी वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल आणि त्या पोलिसाचे म्हणणे मागवू शकतात. प्रकरण बऱ्याचदा इथेच रेंगाळते. पुढे कलम २१८ (जुने १९७) खालच्या मंजुरीचा मुद्दा निघतो. तो गुन्हा नोंदवतानाचा नाही, न्यायालयाने दखल घेण्याच्या टप्प्यावरचा आहे; आणि सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाते.

उलटा गुन्हाही अपेक्षित धरा. तुमची तक्रार गेली की न्याय संहितेचे १३२ (जुने ३५३), सरकारी कामात बळाचा वापर करून अडथळा, बऱ्याचदा लागते. नोंदवहीतली वेळ आणि न कापलेला व्हिडिओ तेव्हा बचावाला येतो. जातिवाचक शिवीगाळ झाली असेल तर ती पहिल्याच अर्जात शब्दशः लिहा. नंतर घातली तर बनावट वाटते.

प्राधिकरण आणि आयोग

२२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. वरिष्ठ पोलीस निरीक्षकापर्यंतच्यांविरुद्ध विभागीय प्राधिकरण, त्यावरच्या अधिकाऱ्यांविरुद्ध मुंबईतले राज्य प्राधिकरण. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, अधिकाराचा गंभीर दुरुपयोग हे विषय त्यांच्या कक्षेत येतात. तक्रारीला शपथपत्र जोडा. प्राधिकरण शिफारस करते. निलंबनाचा हुकूम काढत नाही.

राज्य मानवी हक्क आयोगाला फी नाही, मराठीतला साधा अर्ज चालतो. मात्र घटनेपासून एक वर्ष उलटले की आयोगाला चौकशी करता येत नाही. राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे एकाच वेळी अर्ज टाकणे हा उत्साही चुकांमधला सर्वात नेहमीचा प्रकार आहे. राज्य आयोगापुढे असलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग हात घालत नाही.

माहिती अधिकार

अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून वेगवेगळे अर्ज करा: त्या दिवसाची स्टेशन डायरी, बंदोबस्त आदेश आणि नेमलेल्यांची यादी, नियंत्रण कक्षाचे वायरलेस लॉग, गाड्यांचे लॉगबुक, वापरलेल्या अश्रुधूर नळकांड्यांची नोंद. ‘का मारले?’ असा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही, कागद मागावा लागतो. ३० दिवसांत उत्तर नाही, किंवा ‘तपास चालू आहे, कलम ८(१)(ज)’ एवढेच आले, तर प्रथम अपील करा, फी २० रुपये. माहिती दिल्याने तपासात नेमका काय अडथळा येतो हे सांगण्याची जबाबदारी त्यांची आहे.

सहा महिने

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १६१ अनेक चांगल्या तक्रारी गिळते. कर्तव्याच्या नावाखाली किंवा त्याचा अतिरेक करून केलेल्या कृत्याबद्दल खटला किंवा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. राज्य सरकारची पूर्वमंजुरी असेल तरच फौजदारी खटल्याला दोन वर्षांपर्यंत वाव आहे. खात्यांतर्गत चौकशीचा निकाल येईपर्यंत थांबलेला माणूस इथे अडकतो. चौकशी चालू दे म्हणा, पण पाचव्या महिन्यात वकिलाकडे बसलेले असा. भरपाईसाठीची रिट याचिका वेगळी. नाशिक जिल्ह्यासाठी ती मुंबईच्या मुख्य पीठापुढे जाते, औरंगाबाद खंडपीठाकडे नाही.

चौकशी अधिकाऱ्याकडून बोलावणे येईल तेव्हा बरोबर कोणीतरी न्या आणि नोटीस लेखी मागा. जबाब टाइप झाला की पूर्ण वाचा, चष्मा विसरला असेल तर दुसरी तारीख घ्या. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचा. ‘गैरसमजातून अर्ज दिला होता, आता माझी काही तक्रार नाही’ हे वाक्य असते ते तिथेच, सहीच्या बरोबर वर. ते खोडायला लावा, खोडलेल्या जागी आद्याक्षरे करा, आणि मगच सही करून प्रत मागा.